कागदावरचा भार आणि विमानातला भार
एका छोट्या मालवाहू विमान कंपनीचा उदय आणि अस्त



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सीमाभागातल्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. ट्रॅक्टर वाढले, तरी बैलगाड्या अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. गाडी भरणाऱ्या माणसाकडे कधी नीट पाहिले आहे का? तो ऊस नुसता रचत नाही. थोड्या मोळ्या पुढे टाकतो, थोड्या मागे टाकतो, मधूनच जुवाकडे येऊन हाताने दाब बघतो. ओझे पुढे जास्त झाले तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मागे जास्त झाले तर गाडी ‘उलार’ होते. जू वर उचलले जाते, गळ्याखालची सापती आवळते आणि बैलांचा जीव कासावीस होतो. ऊस तेवढाच, गाडी तीच, बैलही तेच. फक्त ओझ्याची जागा बदलली.

या अंकात आम्ही तुम्हाला उलार झालेल्या एका विमानाची गोष्ट सांगणार आहोत. ती अमेरिकेतल्या मायामी शहरातली आहे आणि तिच्यात एका छोट्या मालवाहू विमान कंपनीचा उदय आणि अस्त आहे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही तरफ आणि गुरुत्वमध्य शिकता, तो भाग यात आहेच. त्याशिवाय पालकांनी आणि संस्थेच्या विश्वस्त मंडळींनीही वाचावे असे त्यात काही आहे.

मायामीची फाइन एअर

नकाशा उघडा. अमेरिकेच्या आग्नेय टोकाला फ्लोरिडा नावाचे लांबट द्वीपकल्प समुद्रात शिरलेले दिसेल. त्याच्या खालच्या बाजूला मायामी आहे. समोर कॅरिबियन समुद्रातली बेटे आणि त्यापलीकडे दक्षिण अमेरिका. या जागेमुळे मायामी हे लॅटिन अमेरिकेच्या व्यापाराचे दार बनले. कोलंबियाच्या डोंगराळ भागातली फुले रात्री विमानात चढतात आणि मायामीमार्गे अमेरिकेभर विकायला जातात. ताजे मासे, भाजीपाला, फळे यांचेही तसेच. परतीच्या वाटेवर यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, कापड असा माल दक्षिणेकडे जातो.

फुले आणि मासे थांबत नाहीत. जहाजाला लागतील तेवढे दिवस त्यांच्याजवळ नसतात. म्हणून मायामीत लहानमोठ्या अनेक मालवाहू विमान कंपन्या निघाल्या. फ्रँक फाइन आणि त्यांचा मुलगा बॅरी फाइन यांची फाइन एअर ही त्यांपैकी एक. फाइन हे त्या घराण्याचे आडनाव. १९९० नंतरच्या काही वर्षांतच तिने कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिकेच्या मार्गांवर चांगला जम बसवला.

तिचा धंदा मुख्यतः डीसी-८ जातीच्या जुन्या जेट विमानांवर चालत असे. डीसी-८ हे चार इंजिनांचे विमान १९५८ साली पहिल्यांदा उडाले. पुढे त्याची लांब आवृत्ती निघाली, डीसी-८-६१. तिची लांबी सुमारे ५७ मीटर, म्हणजे कबड्डीची चार मैदाने एकापुढे एक ठेवली तरी थोडी उरेल एवढी. नवी विमाने आल्यावर प्रवासी कंपन्यांनी ही विमाने स्वस्तात विकून टाकली. विकत घेणाऱ्यांनी आतली आसने काढली, बाजूला मोठा दरवाजा बसवला, जमिनीवर माल सरकवण्यासाठी रूळ लावले, की झाले मालवाहू विमान.

जुने विमान घेण्यात हिशेब असतो. ते इंधन जास्त खाते, दुरुस्तीही जास्त मागते, पण त्याची किंमत फार कमी असते. दिवसातून एखादीच फेरी करायची असेल तर कोट्यवधी डॉलरचे नवे विमान परवडत नाही, जुने परवडते. यात गैर काही नाही. नीट निगा राखलेले जुने विमानही सुरक्षित उडते. जुन्या यंत्राला माणसाचे लक्ष मात्र जास्त द्यावे लागते.

काम एकाचे, जबाबदारी कोणाची?

फाइन एअर स्वतः माल नेत असे, तशीच ती दुसऱ्या कंपन्यांना विमान आणि वैमानिक भाड्यानेही देत असे. आपण चालकासकट गाडी ठरवतो, तसाच हा प्रकार. डोमिनिकन प्रजासत्ताकाशी व्यापार करणारी एरोमार ही अशीच एक गिऱ्हाईक कंपनी होती. माल गोळा करणे, तो पॅलेटवर रचणे आणि विमानात चढवणे ही कामे एरोमारची माणसे करीत. विमान फाइन एअरचे, वैमानिक फाइन एअरचे, उड्डाणाचा परवानाही फाइन एअरचाच.

पॅलेट म्हणजे ॲल्युमिनियमचा सपाट, मोठा पाट. त्यावर खोकी रचतात, वरून जाळी आवळतात आणि अख्खा पाट रुळांवरून विमानात ढकलतात. आत प्रत्येक पॅलेटची जागा ठरलेली असते. त्या जागेवर पॅलेट आला की जमिनीतले खटके वर करून तो पक्का अडकवायचा. मग विमान कितीही झुकले तरी माल जागचा हलत नाही.

कोणता पॅलेट कोणत्या जागी जाईल हे आधी कागदावर मांडतात. त्याला आपण भारपत्रक म्हणू. भारपत्रकावरून विमानाचे एकूण वजन कळते आणि गुरुत्वमध्य कुठे आहे तेही कळते. वैमानिक तो आकडा पाहून शेपटीकडच्या आडव्या पंखाचा कल लावून ठेवतो. विमान वजनकाट्यावर उभे करून पाहण्याची सोय त्याच्याजवळ नसते. कागद सांगेल तेच त्याला खरे धरावे लागते.

विमानाचा तोल

आता थोडे विज्ञान पाहू. बागेतल्या सी-सॉवर ३० किलोचा मुलगा टेकूपासून २ मीटरवर बसला आणि २० किलोची मुलगी दुसऱ्या बाजूला ३ मीटरवर बसली, तर फळी सपाट राहते. कारण ३० × २ = ६० आणि २० × ३ = ६०. वजन कमी असले तरी अंतर वाढल्याने तोल साधतो. तरफेचा हा नियम तुम्हाला पाठ आहे.

उडणाऱ्या विमानाला वर उचलणारे बल मुख्यतः मोठ्या पंखांपाशी असते. सी-सॉचा टेकू तिथे आहे अशी कल्पना करा. विमानाचा गुरुत्वमध्य या जागेच्या जवळ, ठरलेल्या मर्यादेत असायला हवा. थोडा फरक असेल तर शेपटीचा आडवा पंख तो सांभाळून घेतो. फरक फार झाला तर शेपटीची ताकद अपुरी पडते.

एक उदाहरण करून पाहू. हिशेबासाठी मानू की मालासह विमानाचे वजन १०० टन आहे. आत प्रत्येकी २.५ टनांचे १६ पॅलेट आहेत. त्यातला एकच पॅलेट पुढच्या टोकावरून उचलून २० मीटर मागे ठेवला, तर गुरुत्वमध्य किती सरकेल?

२.५ × २० ÷ १०० = ०.५ मीटर.

आता दुसरी गोष्ट घ्या. कोणी एक पॅलेट टोकापर्यंत नेलेला नाही, पण सगळी रांगच एक घर मागे सरकली. एका घराची लांबी साधारण २.२ मीटर असते. १६ पॅलेटचे एकूण वजन ४० टन. म्हणून

४० × २.२ ÷ १०० = ०.८८ मीटर.

म्हणजे जवळजवळ ९० सेंटीमीटर. एवढ्या मोठ्या विमानातही गुरुत्वमध्याला पुढेमागे सरकायला मिळणारी मोकळीक साधारण मीटरभराचीच असते. तेव्हा ‘एक घर इकडेतिकडे झाले तर काय बिघडते’ असे म्हणून चालत नाही.

गुरुत्वमध्य फार मागे गेला तर विमानाचे नाक आपोआप वर जाऊ पाहते. नाक फार वर गेले की पंखांवरून हवेचा प्रवाह नीट वाहत नाही, तो फाटतो आणि पंखांची उचल सुटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. जमिनीपासून उंचावर स्टॉल झाला तर नाक खाली करून, वेग घेऊन सावरता येते. धावपट्टीवरून नुकतेच उठलेल्या विमानाला त्यासाठी लागणारी उंचीच नसते.

७ ऑगस्ट १९९७

त्या गुरुवारी फाइन एअरचे १०१ क्रमांकाचे उड्डाण मायामीहून डोमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी सांतो दोमिंगो इथे जाणार होते. माल होता डेनिमचे कापड. त्या काळी अमेरिकेतले कापड शिलाईसाठी डोमिनिकन प्रजासत्ताकात पाठवून तयार कपडे परत आणण्याचा व्यापार मोठा होता. विमानात असे सुमारे ४० टन कापड भरायचे होते.

या उड्डाणासाठी आधी एक विमान ठरले होते. ते वेळेवर मिळेना म्हणून ऐनवेळी त्याच जातीचे दुसरे विमान दिले गेले. दोन्ही विमाने वरून सारखी दिसत, पण त्यांची मोकळी वजने आणि भाराचे हिशेब अगदी सारखे नव्हते. विमान बदलले म्हणजे मालाची मांडणीही नव्याने पाहायला हवी. प्रत्यक्षात भरताना पॅलेटची सरकवासरकव झाली आणि कागदावर जी मांडणी होती ती आत उरली नाही. वैमानिकांच्या हातात गेलेले भारपत्रक मात्र सगळे ठीक असल्याचे सांगत होते. त्या आकड्यावरून शेपटीचा कल लावला गेला. म्हणजे चूक दुहेरी झाली. भार मागे गेलेला होता, आणि शेपटीही नाक वर उचलायला मदत करील अशा बेताने लावलेली होती.

दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास विमान उठले. उठताच त्याचे नाक वैमानिकांच्या इच्छेपेक्षा कितीतरी जास्त वर गेले. त्यांनी ते खाली दाबण्याचा प्रयत्न केला, पण विमान स्टॉल झाले आणि साधारण अर्ध्या मिनिटात विमानतळाच्या पश्चिमेला कोसळले. मोकळ्या जागेतून घसरत, रस्ता ओलांडून ते व्यापारी इमारतींसमोरच्या वाहनतळात शिरले आणि पेटले. दोन वैमानिक, एक उड्डाण अभियंता आणि एक सुरक्षारक्षक असे विमानातले चौघेही गेले. जमिनीवर आपल्या मोटारीत बसलेला एक माणूसही गेला. त्याचा त्या विमानाशी काहीही संबंध नव्हता.

त्याच आठवड्यात फाइन एअरचे शेअर पहिल्यांदाच सर्वसामान्य गुंतवणूकदारांना विकले गेले होते. कुटुंबाची कंपनी आता शेअर बाजारात आली, म्हणून ती तिच्या भरभराटीची खूण मानली गेली. अपघातानंतर ही विक्री रद्द करून लोकांचे पैसे परत करण्याची वेळ आली.

चौकशीत काय दिसले?

अमेरिकेत अपघाताची चौकशी करणारी संस्था आणि नियम पाळायला लावणारी संस्था अशा दोन वेगळ्या संस्था आहेत. नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड म्हणजे एनटीएसबी ही चौकशी करते. ती कोणाला दंड करीत नाही, परवानाही काढून घेत नाही. काय घडले आणि का घडले एवढेच शोधते व शिफारशी करते. परवाना देणारी, तपासणी करणारी आणि प्रसंगी उड्डाणे थांबवणारी संस्था म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, अर्थात एफएए. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे जे काम आहे, ते तिकडे एफएए करते. ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. नियम पाळून घेणाऱ्याचीच चूक असेल तर तीही कोणीतरी तटस्थपणे सांगायला हवी.

१९९८ साली एनटीएसबीचा अहवाल आला. भार चुकीचा रचल्याने गुरुत्वमध्य मागे गेला आणि त्यामुळे शेपटीचा कलही चुकीचा लागला, असे त्यात म्हटले आहे. ढिगाऱ्यात जे खटके सापडले, त्यांतले बहुतेक न लावलेल्या स्थितीत होते. पॅलेट जागच्या जागी अडकवण्याचे साधे कामही नीट झालेले नव्हते.

यातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दोषांचा क्रम. भरणाऱ्या एरोमारने ठरल्याप्रमाणे माल भरला नाही, हे अहवालात आहेच. पण त्याच्याही आधी फाइन एअरचे नाव आहे. माल भरण्याच्या कामावर तिने आपले नियंत्रण ठेवले नाही, म्हणून. एरोमारची माणसे माल भरीत होती हे खरे, पण परवाना फाइन एअरचा होता. भरलेले बरोबर आहे की नाही हे पाहणे तिचेच काम होते. आणि तिसरे नाव होते खुद्द नियामकाचे. फाइन एअरच्या माल भरण्याच्या पद्धतीतल्या उणिवा माहीत असूनही त्या दुरुस्त झाल्या की नाही हे एफएएने पाहिले नाही, असे अहवालात स्पष्ट नोंदले आहे.

हे पहिल्यांदा घडत नव्हते

एफएएवर अशी टीका होण्याची ती पहिली वेळ नव्हती. याच मायामी विमानतळावरून ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट नावाच्या स्वस्त प्रवासी कंपनीचे विमान उडाले आणि काही मिनिटांत आग लागून एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. त्यात ११० माणसे गेली. विमानाच्या पोटात प्राणवायू तयार करणाऱ्या जुन्या डब्या खोक्यांत भरून ठेवल्या होत्या. अशा डबीतली रासायनिक क्रिया चालू झाली की ती भयंकर तापते. म्हणून तिच्यावर सुरक्षेची टोपी बसवावी लागते. ती बसवली नव्हती. सोबतच्या कागदावर मात्र डब्या ‘रिकाम्या’ असल्याचे लिहिले होते.

तिथेही काम दुसऱ्याकडे दिलेले होते. डब्या काढणारी दुरुस्ती कंपनी वेगळी होती. तिथेही चौकशीत दुरुस्ती कंपनीबरोबर विमान कंपनीचा आणि नियामकाचाही दोष निघाला. जून १९९६ मध्ये व्हॅल्यूजेटची उड्डाणे थांबवण्यात आली आणि सप्टेंबरअखेर ती पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या कायद्यात एक बदल झाला. तोपर्यंत एफएएवर विमान वाहतुकीची सुरक्षा पाहणे आणि तिला उत्तेजन देणे अशी दोन्ही कामे सोपवलेली होती. त्यांतला उत्तेजनाचा भाग काढण्यात आला. धंदा वाढवायचा आणि त्यावर लक्षही ठेवायचे, या दोन गोष्टी एकाच माणसाला जड जातात, हे तिथल्या संसदेला पटले.

तरीही पुढच्याच वर्षी, त्याच विमानतळावर, फाइन एअरचे विमान पडले. कागदावर ‘रिकामे’ लिहिले म्हणून डबी रिकामी होत नाही. कागदावर ‘मांडणी बरोबर’ लिहिले म्हणून मांडणी बरोबर होत नाही.

उड्डाणे थांबली

अपघातानंतर एफएएचे तपासनीस फाइन एअरकडे ठाण मांडून बसले. माल भरण्याच्या पद्धतीत आणखी दोष निघाले. सप्टेंबर १९९७ मध्ये कंपनीने एफएएशी करार करून आपली उड्डाणे थांबवली. कागदोपत्री ही थांबणूक स्वेच्छेची होती. पण नियामक समोर उभा असताना स्वेच्छा म्हणजे काय, हे मोठ्यांना सांगायला नको. तपासणीच्या खर्चापोटी १५ लाख डॉलर भरण्याचेही कंपनीने मान्य केले. माल तोलण्याची, रचण्याची, अडकवण्याची आणि शेवटी कंपनीच्याच माणसाने पाहून खात्री करण्याची पद्धत नव्याने बसवावी लागली. ऑक्टोबरअखेर उड्डाणे पुन्हा सुरू झाली.

जवळजवळ दोन महिने विमाने जमिनीवर उभी राहणे म्हणजे काय, याचा विचार करा. विमान उडो न उडो, पगार द्यावे लागतात, भाडे भरावे लागते, व्याज चढत राहते. गिऱ्हाईक मात्र थांबत नाही. फुलांचा व्यापारी दुसऱ्याच दिवशी दुसरी कंपनी गाठतो.

फाइन एअर लगेच बुडाली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिने पुढे मोठे कर्ज काढले आणि १९९९ मध्ये मायामीचीच ॲरो एअर ही दुसरी मालवाहू कंपनी विकत घेतली. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांचा व्यापार मंदावला आणि २००० साली इंधन महागले. जुनी, इंधन खाणारी विमाने आणि डोक्यावर कर्ज असा तो मामला होता. सप्टेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. २००२ मध्ये ती त्यातून बाहेर आली ती ॲरो एअर या नावाने. फाइन एअर हे नाव पुसले गेले. ॲरो एअरही २०१० साली बंद पडली.

तेव्हा ‘सरकारने कंपनी बुडवली’ असे म्हणणे चुकीचे होईल. ‘एका अपघाताने बुडवली’ हेही पुरते खरे नाही. कर्ज, बाजार, इंधन ही कारणे होतीच. पण कंपनीवरचा विश्वास त्या ऑगस्टच्या दुपारी गेला, आणि तो जाण्याचे कारण फार मोठे नव्हते. पॅलेट कुठे आहे हे कोणीतरी आत जाऊन पाहायला हवे होते. एक माणूस, हातात तोच कागद, आणि दहा-पंधरा मिनिटे.

धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागतो

एकदा अहवाल आला, नियम झाले, म्हणजे चूक कायमची संपली असे होत नाही. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून नॅशनल एअरलाइन्सचे बोइंग ७४७ मालवाहू विमान उडाले. आत लष्कराची पाच जड वाहने होती. ती बांधण्याची पद्धतच अपुरी होती. विमान उठताना निदान एक वाहन सुटून मागे गेले आणि त्याने शेपटीकडच्या यंत्रणा मोडल्या. विमानाचे नाक वर गेले, ते पडले आणि सातही जणांचा अंत झाला. एनटीएसबीच्या अहवालात इथेही कंपनीच्या कार्यपद्धतीवर ठपका होता आणि नियामकाच्या अपुऱ्या देखरेखीवरही. मायामीच्या घटनेनंतर सोळा वर्षांनी.

आपल्यासाठी

विश्वस्त आणि पालक म्हणतील, आपल्या शाळेला विमानाशी काय करायचे? म्हणून आमचीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीच्या दिवशी पहाटे ठरलेली एक बस नादुरुस्त झाली. मालकाने दुसरी पाठवली, पण तिची आसने कमी होती. आम्ही घाईघाईने काही मुले पुढच्या बसमध्ये बसवली आणि निघालो. याद्या आदल्या दिवशीच तयार होत्या, त्यांवर सह्याही झालेल्या होत्या. नाश्त्याला थांबलो तेव्हा एका बसमध्ये यादीपेक्षा सहा मुले कमी भरली. ती पुढच्या बसमध्ये गाणी म्हणत होती, सुखरूप होती. पण ते कळेपर्यंतची दहा मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. बस बदलली होती आणि कागद जुनाच होता. फाइन एअरची हकिगत वाचताना आम्हाला ती सकाळ आठवली.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आणि त्या पाळतो. बस बदलली की यादी नव्याने लिहायची, जुनी खोडून वापरायची नाही. आणि सही करणाऱ्याने स्वतः बसमध्ये चढून डोकी मोजायची. बस भाड्याची असेल, चालक मालकाचा असेल, पण मुले आपल्या शाळेच्या नावावर बसलेली असतात. काम दुसऱ्याला देता येते. ते झाले की नाही हे पाहण्याची जबाबदारी आपल्याकडेच राहते. शाळेची रिक्षा, खाऊचा ठेका, इमारतीची दुरुस्ती, सगळीकडे हेच लागू आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी हिशेब तपासणारा होईल, कोणी सरकारी तपासनीस होईल. सही मागणारे कागद रोज समोर येतील. तेव्हा उसाची गाडी भरणारा तो माणूस आठवा. त्याच्याजवळ भारपत्रक नसते. पण जुवाला हात लावून पाहिल्याशिवाय तो गाडी हलू देत नाही.

स्वाध्याय

१. मालासह १२० टन वजनाच्या विमानात ३ टनांचा एक पॅलेट १६ मीटर मागे सरकवला. गुरुत्वमध्य किती सेंटीमीटर सरकेल?

२. गुरुत्वमध्य मर्यादेपेक्षा पुढे गेला तर उड्डाणाच्या वेळी विमानाचे काय होईल? बैलगाडीच्या उदाहरणावरून विचार करून लिहा.

३. चौकशी करणारी आणि नियम पाळायला लावणारी संस्था वेगळी का असावी? पाच वाक्यांत लिहा.

४. घरच्या मोठ्या माणसांना विचारा: गाडी, होडी किंवा टेम्पो भरताना तोल कसा बघतात? त्यासाठी ते कोणते शब्द वापरतात? ऐकलेले शब्द वहीत लिहून आणा.

५. तुमच्या वर्गात किंवा घरात, प्रत्यक्ष न पाहता ‘झाले’ असे लिहिले वा सांगितले जाते अशी एक गोष्ट शोधा. ती पाहण्याचा सोपा मार्ग सुचवा.

(पहिल्या प्रश्नाचे उत्तर: ४० सेंटीमीटर. आधी स्वतः करून पाहा, मगच ताडून घ्या.)